रंगीत अजगर इतके महाग का?

पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा अजगर मुळात काळा-तपकिरी. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी त्याच्या अल्बिनो रंगाची पैदास करून दाखवली आणि शौकिनांना रंगांचं वेडच लागलं.

या रंगप्रकारांतला माझा लाडका म्हणजे पाईड! पांढऱ्याशुभ्र अंगावर तपकिरी ठिगळं, आणि कुठलेही दोन पाईड सारखे नसतात. पण त्यासाठी आई-बाप दोघांकडून ते जनुक यावं लागतं. दोघे नुसते वाहक असतील, तर सरासरी चार पिल्लांत एकच पाईड. त्यात मादी वयात यायलाच दोन-तीन वर्षं लागतात आणि अंडी घालते जेमतेम पाच-सहा. म्हणून भाव चढतो. घेणारे बरेचजण पुढच्या पैदाशीचा हिशोबही करतात. पण बाजारात पिल्लांची संख्या वाढली की भाव उतरतोच.

'स्पायडर' हा रंगप्रकार मात्र कितीही देखणा दिसला तरी घेऊ नका. त्या जनुकासोबत तोलाचा दोष येतो: डोकं डुलतं, भक्ष्यावरचा नेमही चुकतो.