पाइनटॉप पर्किन्सबद्दल बरंच काही चुकीचं

आपल्याकडे बूगी-वूगी म्हटलं की सोनी टीव्हीवरची नृत्यस्पर्धा आठवते. मुळात ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची पियानोवादनाची शैली. डावा हात एकच तुकडा न थकता फिरवत राहतो, उजवा त्यावर सुचेल ते रचतो. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात ना, तसंच. फक्त लेहरा आणि सोलो दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर. पाइनटॉप पर्किन्सने हे काम आयुष्यातली बरीच वर्षं केलं, तरी त्याच्याविषयीचे काही समज हटता हटत नाहीत.

गैरसमज : ‘पाइनटॉप्स बूगी वूगी’ ही रचना त्याची.

ती क्लॅरेन्स ‘पाइनटॉप’ स्मिथची. स्मिथने ती डिसेंबर १९२८ मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रित केली आणि तीन महिन्यांच्या आत एका नाचघरात गोळी लागून तो गेला. वय अवघं २४. तेव्हा मिसिसिपीतल्या बेल्झोनीचा जो विली पर्किन्स पंधरा वर्षांचा पोर होता. पुढे तो ही रचना वाजवायचा, १९५३ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याने ती ध्वनिमुद्रितही केली. म्हणून लोक त्यालाच पाइनटॉप म्हणू लागले.

गैरसमज : असा वादक पहिल्यापासून पियानोचाच असतो.

पर्किन्स आधी गिटारवाला. १९४०च्या दशकात आर्कान्सातल्या हेलेना गावी एका नर्तकीने सुरीने वार केला आणि त्याच्या डाव्या हातातले स्नायुबंध दुखावले. गिटार सुटली. मग तो पियानोचाच झाला. म्हणजे जिथे सगळी मदार डाव्या हातावर, नेमक्या तिथे! हेलेनातच केएफएफए रेडिओवर पिठाची जाहिरात करणारा ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम चाले. त्यात हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसनला त्याची साथ असे.

गैरसमज : एकदा मोठं व्यासपीठ मिळालं की पोटाची चिंता मिटते.

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अल्बर्ट अ‍ॅमन्स, मीड लक्स लुईस आणि पीट जॉन्सन यांनी वादन केलं आणि देशभर बूगी-वूगीचं वेड पसरलं. वेड ओसरलं, तसा जॉन्सन बफेलोमध्ये आइस्क्रीम कंपनीचे ट्रक धूत होता. जिमी यान्सी तर कितीतरी वादकांचा आदर्श. पण त्याने बेसबॉलच्या मैदानाची निगा राखायची नोकरी १९५०पर्यंत सोडली नाही. मला तो त्यांच्यात सर्वांत शहाणा वाटतो.

पर्किन्सचंही तेच. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या ताफ्यात पियानोवादक ओटिस स्पॅनच्या जागी तो आला १९६९ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी. तिथेही तो साथीदारच. अमेरिकेत स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली १९८८ मध्ये, पंचाहत्तरीत. हे कर्तृत्व उशिरा फुललं असं म्हणणं मला पटत नाही. वादन होतंच, वेष्टनावर नाव नव्हतं.

गैरसमज : शेवटची ग्रॅमी म्हाताऱ्याला दाखवलेली सहानुभूती होती.

ग्रॅमीचा जीवनगौरव २००५ मध्येच देऊन झाला होता. फेब्रुवारी २०११ची ग्रॅमी जुना साथीदार विली ‘बिग आइज’ स्मिथबरोबरच्या नव्या अल्बमसाठी, स्पर्धेतून मिळालेली. तेव्हा पर्किन्स ९७ वर्षांचा होता, तोवरच्या ग्रॅमी विजेत्यांत सर्वांत वयस्कर. २१ मार्च २०११ रोजी ऑस्टिनमध्ये तो वारला, तेव्हा त्या वर्षाचे पुढचे कार्यक्रम ठरलेले होते.