आठ अक्षरांची जागा

कल्याणहून सुटलेली धीमी लोकल ठाकुर्लीला येते तेव्हा डब्यात अजून वारा खेळत असतो. पुढचं स्टेशन डोंबिवली. मध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात पिशव्यांच्या नाड्या सुटतात, टाळ बाहेर येतात, खिडकीजवळच्याच्या मांडीवर ढोलकी बसते. डोंबिवलीची गर्दी आत शिरली की हात हलवायलाही जागा उरत नाही. मग टाळ छातीशी धरायचे, कोपर अंगाला चिकटवायचे आणि मनगटातूनच वाजवायचे. आमच्या भजनी मंडळाचे बुवा डोळे मिटून नामघोष सुरू करतात, गाडी कोपर सोडेपर्यंत डबा सुरात लागलेला असतो.

खरं तर भजनाला पखवाज हवा. पण त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावावी लागते, ती थापायची, ओली ठेवायची, उतरताना खरवडायची. लोकलमध्ये हे कुठे जमणार? म्हणून ढोलकी. पावसाळ्यात तिची पुडी ओल धरते आणि आवाज बसतो. अशा दिवसांत आमचे ढोलकीवाले दादा ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून स्टेशनवर येतात आणि स्वतः मात्र चिंब भिजलेले असतात.

मी या डब्यात टाळ धरतो. त्याआधी कविता लिहायचो, आजही लिहितो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. घराजवळ संमेलन आलेलं, म्हणून मीही कविकट्ट्यावर जाऊन कविता वाचली. समोरच्यांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या. मंडपाबाहेर पडल्यावर मात्र एक प्रश्न मनात घर करून राहिला: माझी कविता यांतल्या कुणाच्या तोंडी राहिली असेल का? टाळीवरून ते कळत नाही. कवितेची परीक्षा किती कडक असते हे मला पुढे या डब्यात उमगलं.

भजनात एकटा म्हणतो आणि बाकीचे मागे म्हणतात. बुवांनी चरण टाकला की वीस-पंचवीस जणांनी तो जसाच्या तसा उचलायचा, तोही टाळावर, धक्के खात, एखाद्याच्या बॅगेचा पट्टा मानेत अडकलेला असताना. शब्द जिभेवर बसला तर डबा एका आवाजात म्हणतो. नाही बसला तर आवाज फुटतो, कुणी मागे राहतं, कुणी पुढे जातं, टाळ विस्कटतात. यात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. चूक कुठे आहे ते सगळ्यांना एकदमच ऐकू येतं.

आमच्यात एक भाऊ आहेत, रेल्वेच्या चाळीत वाढलेले. शाळेनंतर त्यांनी कवितेचं पुस्तक उघडलेलं नाही, पण संतांचे अभंग त्यांना दोन-अडीचशे तरी पाठ असतील. एके दिवशी ठाणं गेल्यावर, दाराजवळची गर्दी जरा ओसरली तेव्हा, त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बुवांना म्हणाले, "बुवा, मी एक रचलंय. रागावणार नाही ना?"

"देवाचंच आहे ना, भाऊ? मग म्हणा की."

"देवाचं नाही, बुवा. पॉवर हाऊसचं आहे."

चोळ्याचं पॉवर हाऊस म्हणजे आमच्या ठाकुर्लीची जुनी ओळख. रेल्वेनं विजेसाठी बांधलेलं, कोळशावर चालणारं. या मार्गावरच्या गाड्या एकेकाळी त्याच्या विजेवर धावल्या. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली. नव्वद फुटी रस्त्यावरच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना ते ठाऊकही नसतं. बुवा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चाल कुठली धरलीय?"

हाच प्रश्न महत्त्वाचा. अभंगात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो, अक्षरं मोजायची असतात. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळणारं. छोट्या अभंगात आठ आणि आठ, शेवटी यमक. भाऊंनी छोटा घेतला होता. पहिला चरण त्यांनी असा टाकला: "पॉवरहाऊसच्या सावलीत." आम्ही उचलला आणि डबा कोसळला. अक्षरं अकरा, जागा आठांची. निम्म्यांनी 'पॉवर'चं 'पॉव्र' केलं, काही 'हाऊस'पाशी अडखळले, माझा टाळ तर दोन मात्रा आधीच वाजला. भाऊंचा चेहरा पडला. कागदाची घडी घालून ते तो खिशात ठेवणार, तेवढ्यात ढोलकीवाले दादा म्हणाले, "भाऊ, पॉवर हाऊस कशाला? आपण लहानपणी काय म्हणायचो? धुरांडं!"

भांडुपपासून घाटकोपरपर्यंत आम्ही बोटांवर अक्षरं मोजत होतो. शेजारी उभा असलेला, रोज नुसतंच ऐकणारा एक तरुणही मोजायला लागला. शेवटी चरण बसला:

धुरांड्याच्या सावलीत
बाप वाढला चाळीत

आठ आणि आठ. बुवांनी पुन्हा टाकला, डब्यानं एका दमात उचलला. 'सावलीत'वर टाळ जरा थांबतो आणि 'चाळीत'वर येऊन मिटतो, हे कागदावर दिसत नाही. ते पंचवीस तोंडांतूनच कळतं. भाऊ मात्र गात नव्हते. ऐकत होते.

तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी असत असं वारकरी सांगतात. संताजी जगनाडे त्यांच्यातलेच, त्यांनी अभंग लिहून ठेवले. मागे उभं राहून म्हणणाराच पुढे लिहून ठेवणारा होतो, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. ज्यानं शब्द शंभरदा तोंडात घोळवलाय, त्याच्या हातून तो सुटेल कसा? आमच्याकडेही प्रत्येकाचं एकेक बाड आहे: पुठ्ठ्याच्या वह्या, कडा घामानं काळ्या पडलेल्या, प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली.

डबा सगळ्यांचा आहे, हेही सांगायला हवं. कुणी रात्रपाळी करून झोपायला निघालेलं असतं, कुणाचं डोकं दुखत असतं. एकदा एका मुलीनं परीक्षेचं पुस्तक वर करून दाखवलं, बोलली काहीच नाही. बुवांनी टाळ मिटायला लावले आणि विक्रोळीपर्यंत आम्ही गप्प बसलो. ती उतरताना हसली. गाणं वाटायचं असेल तर ते नको असणाऱ्याची जागाही सोडावी लागते. सगळीच मंडळं ती सोडतात असं नाही, आणि त्याबद्दल प्रवासी करतात ती तक्रार मला रास्त वाटते.

भाऊंचा अभंग पुढे पाच चरणांचा झाला. शेवटच्या चरणात नाममुद्रा घालायची असते, तिथे ते अडले. "तुका म्हणे, नामा म्हणे, एका म्हणे... तिथे माझं नाव कसं लिहू?" म्हणून त्यांनी ती जागा मोकळीच ठेवली. गाताना तिथे नुसती ढोलकी वाजते.

मागच्या महिन्यात ढोलकीवाल्या दादांचं बाड माझ्या हाती आलं. त्यात तो अभंग होता, निळ्या शाईत, वर चाल लिहिलेली, कवीचं नाव नाही. पण 'बाप वाढला'च्या जागी 'आजा वाढला' होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "माझा आजा होता ना पॉवर हाऊसला. बाप नव्हता." अक्षरं दोनच, चाल मोडत नाही.

मी ते भाऊंना दाखवलं. त्यांनी वही बराच वेळ हातात धरली. खोडून दुरुस्त करतील असं मला वाटलं, पण त्यांनी ती नीट मिटून परत दिली. स्वतःच्या कागदावर त्यांनी 'बाप'च ठेवलाय. आता मुलुंड गेलं की बुवा तो चरण टाकतात, आणि त्या दोन अक्षरांपाशी डब्यात दोन्ही शब्द एकदम ऐकू येतात.