हिवाळी वादळ, गारपीट आणि अंदाजाचा भरवसा

नाशिक जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पण काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पाडणारी हवामान प्रणालीच नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान कधीकधी इथल्या द्राक्षबागांवर गारा आणि अवकाळी पाऊस आणते, आणि ती पुढे सरकली की मागोमाग कडाक्याची थंडी येते. हवामानशास्त्रात तिला पश्चिमी चक्रावात म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार झालेले हे कमी दाबाचे क्षेत्र वरच्या थरांतील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे उत्तर भारतात पोहोचते. एरवी त्याचा जोर हिमालयाच्या पट्ट्यातच संपतो. काही वेळा मात्र त्याला जोडलेला कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत उतरतो. त्याच वेळी अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आले, तर खाली उबदार दमट हवा आणि वर थंड कोरडी हवा असा अस्थिर थर तयार होतो. त्यातून उंच वादळी ढग उभे राहतात.

ढगातील जोरदार ऊर्ध्व प्रवाह पाण्याचे थेंब शून्य अंशाच्या पातळीच्या वर नेतो. तिथे थेंब शून्याखालच्या तापमानातही काही काळ द्रवरूपच राहतात आणि बर्फाच्या कणाला लागताच त्यावर गोठतात. अशी पुटे चढत गार मोठी होते आणि प्रवाहाला तिचे वजन पेलेनासे झाले की खाली येते. हिवाळ्यात ही शून्य अंशाची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली असते आणि नाशिक मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे वाटेत वितळायला गारेला कमी वेळ मिळतो. ऐन पावसाळ्यात गारा क्वचित पडतात आणि रब्बीच्या हंगामात मात्र पडतात, त्यामागचे हे एक कारण आहे.

२०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाडसह नाशिक जिल्ह्याच्या अनेक भागांत गारांनी द्राक्ष आणि कांद्याचे मोठे नुकसान केले. त्या दिवसाच्या वादळी पावसाचा इशारा हवामान विभागाने आधी दिलेला होता. तरीही कोणत्या शिवारात गारा पडतील आणि कोणते शिवार वाचेल, हे आदल्या दिवशी सांगता येत नव्हते. अंदाजाची खरी अडचण इथेच आहे.

हवामानाचे संगणकीय प्रारूप वातावरणाची चौकटींत विभागणी करून गणित करते. देशात दीर्घकाळ वापरात असलेल्या जागतिक प्रारूपाची चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ती ६ किलोमीटरपर्यंत आणते. ही प्रगती मोठी आहे, पण गारांचा ढग काही किलोमीटरचाच असतो, बऱ्याचदा तासाभरातच विरतो आणि त्याखालचा गारांचा पट्टा अनेकदा त्याहूनही अरुंद असतो. चक्रावात येणार, बाष्प येणार आणि अमुक दिवशी उत्तर महाराष्ट्रात वादळी ढग होणार, हे काही दिवस आधी बऱ्यापैकी भरवशाने सांगता येते. पण गारा नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला पडतील की पिंपळगावला, हे ढग उभा राहिल्यावरच कळते. पहाडातल्या हिमवृष्टीच्या अंदाजालाही अशीच मर्यादा आहे: जमिनीलगतचे तापमान एखाद-दोन अंशांनी वाढले, तरी बर्फाऐवजी पाऊस पडतो.

उभा राहिलेला ढग पाहण्याचे साधन म्हणजे डॉपलर रडार. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्याने अंतर वाढेल तसा तो जमिनीपासून उंच होत जातो. मुंबईच्या कुलाब्यातील रडारपासून नाशिक हवाई अंतराने सुमारे १६० किलोमीटरवर आहे. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण तिथे पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळपास तीन किलोमीटर उंचीवर असतो. शिवाय मध्ये सह्याद्री आहे. ढगाचा वरचा भाग दिसतो, खालच्या थरातल्या हालचाली निसटतात. द्राक्ष आणि कांद्याच्या या पट्ट्याजवळ रडार असणे का गरजेचे आहे, हे या एका गणितातून स्पष्ट होते.

अंदाज वाचण्याचीही पद्धत आहे. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या हवामान उपविभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. गारपीट जवळजवळ नेहमीच ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांत येते. म्हणजे अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी चारपैकी तीन गावे कोरडी राहू शकतात. तिथल्या शेतकऱ्याला अंदाज चुकल्यासारखा वाटतो आणि पुढचा इशारा तो मनावर घेत नाही. धोका या दुर्लक्षात आहे. उपविभागाचे नावही नीट पाहावे लागते. ‘मध्य महाराष्ट्र’ या हवामान उपविभागात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे येतात. म्हणून जिल्हावार इशारा वेगळा पाहावा. त्यात पिवळा रंग लक्ष ठेवा, नारिंगी तयारीत राहा आणि लाल तातडीने कृती करा, असे सांगतो.

मुदतीनुसार भरवसाही बदलतो. पाच ते सात दिवस आधीचा अंदाज कल दाखवतो. मजूर, औषधे आणि व्यापाऱ्याशी बोलणे यांच्या नियोजनापुरता तो वापरावा. दोन-तीन दिवस आधीचा जिल्हावार इशारा कृतीसाठी असतो. शेवटी येतो पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज. तो रडार आणि उपग्रहाच्या निरीक्षणांवर आधारलेला असल्याने ठिकाण सर्वांत नेमके सांगतो. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप याच टप्प्यावर उपयोगी पडते. पंधरा दिवस आधी गावाचे नाव घेऊन गारपीट सांगणाऱ्या, मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांना शास्त्राचा आधार नसतो. त्यांच्यावर विसंबून माल घाईने काढणे किंवा फवारणीचा खर्च वाढवणे टाळावे.

थंडीची गोष्ट वेगळी आहे. चक्रावात पुढे सरकला, आकाश निरभ्र झाले आणि उत्तरेकडून कोरडे वारे सुरू झाले की पारा उतरणार, हे दोन-तीन दिवस आधी खात्रीने सांगता येते. कारण ही घडामोड शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात होते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट मानतात. तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली आले, तर सरासरी न पाहताही लाट जाहीर होते. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. त्याची नोंद कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात होते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो २ अंशांच्या खाली गेला आणि पानांवरचे दहिवर गोठले. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, लाकडी पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणूनच पारा ३-४ अंशांवर असतानाही सखल बागेत दहिवर गोठू शकते.

थंडी आणि गारपीट या दोन संकटांना तोंड देण्याच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत. थंडीसाठी वेळ मिळतो. रात्री किंवा पहाटे विहिरीचे वा बोअरचे पाणी बागेला द्यावे, कारण ते हवेपेक्षा उबदार असते आणि ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते. पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवण्याची निफाडकडची रीतही यासाठीच आहे. वारा नसेल तर तिचा उपयोग अधिक होतो. द्राक्षात पाणी उतरण्याच्या सुमारास कडाका वाढला, तर हिरव्या वाणांचे मणी गुलाबी पडतात. या ‘पिंक बेरी’मुळे निर्यातीचा माल नाकारला जातो. त्यावर घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळणे हा बागायतदारांनी रुळवलेला उपाय आहे. काम वेळखाऊ आहे, एकेक घड हाताळावा लागतो, पण भाव टिकतो.

गारांना अडवायचे तर आधीच उभारलेले आच्छादन किंवा जाळीच लागते. ती एकरी काही लाखांची गुंतवणूक असते, म्हणून निर्णय एका इशाऱ्यावर न घेता अनेक हंगामांचे नुकसान मोजून घ्यावा. इशारा आल्यावर करायची कामे बागेच्या अवस्थेवर ठरतात. फुलोऱ्यात पाऊस झाला तर कुज आणि गळ होते, पुढे डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका असतो. तयार मालात मणी तडकतात. काढणीला आलेला माल असेल आणि नारिंगी इशारा असेल, तर थोडा कमी भाव स्वीकारून तो काढणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. हिशेब सोपा आहे. उपायाचा खर्च संभाव्य नुकसानीच्या दहाव्या हिश्श्याइतका असेल, तर संकटाची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त असताना उपाय करणे दीर्घकाळात फायद्याचे ठरते, मग एखाद्या वेळी पाऊस आला नाही तरी. काढलेला कांदा झाकणे, जनावरे बंदिस्त करणे ही कामे जवळजवळ फुकट असतात. ती पिवळ्या इशाऱ्यावरच उरकावीत. ढगांचा गडगडाट सुरू झाल्यावर लोखंडी तारा आणि अँगल असलेल्या बागेत कोणीही थांबू नये. माल पुन्हा पिकतो, माणूस परत येत नाही.

वादळानंतरचे पहिले दिवस महत्त्वाचे असतात. तारा हलवून किंवा ब्लोअरने पानांवरचे आणि घडांतले पाणी झाडावे. फुटलेले मणी कात्रीने काढावेत, नाहीतर कुज पूर्ण घडात पसरते. फवारणी करताना काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पाळावा, नाहीतर गारांतून वाचलेला माल औषधाच्या अंशापायी निर्यातीतून बाद होतो. बागेच्या विम्यात गारपिटीचा समावेश असेल तर तिच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. बाग साफ करण्यापूर्वी तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. शासकीय मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्याची नोंद पंचनाम्यात व्हावी लागते. म्हणून महसूल आणि कृषी खात्याचे कर्मचारी पाहणीला येतील तेव्हा शेतकऱ्याने स्वतः बागेत हजर राहावे.