माळ्यावरचे जुने सोल्डरिंग आयर्न

दिवाळीची आवराआवर चालू होती. माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला. आत राळेचा खडा, सोल्डरच्या तारेचे वेटोळे आणि लाकडी मुठीचे, काळे पडलेले सोल्डरिंग आयर्न होते. ''भंगारवाला दारातच आहे, देऊन टाकू,'' धाकटा भाऊ म्हणाला. आईने मुकाट्याने डबा आपल्याकडे ओढून घेतला. रेडिओ दुरुस्त करून बाबांनी आम्हा तिघांची शिक्षणे केली, ती याच अवजारावर!

असे एखादे अवजार तुमच्याही घरी पडून असेल. ते कशासाठी वापरले जाई, हे ओळखणे फारसे अवघड नाही.

घडण पाहा

वायर नसेल आणि लोखंडी सळईच्या टोकाला तांब्याचा ठोकळा असेल, तर ते शेगडीत किंवा ब्लोलॅम्पवर तापवायचे. डबे, बादल्या झाळणारे कारागीर ते वापरत. विजेच्या जुन्या आयर्नमध्ये बहुधा अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार असते. या मिश्रधातूचे अमेरिकेतील पेटंट अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले. पिस्तुलासारखा आकार आणि आत ट्रान्सफॉर्मर असेल, तर ती सोल्डरिंग गन.

वॅट पाहा

साठ-पासष्ट वॅटचे जड आयर्न व्हॉल्व्हच्या रेडिओला लागे, कारण त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यावर डाग देताना उष्णता पत्राच शोषून घेई. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला आणि पुढे नाजूक कामाला पंचवीस वॅटचे हलके आयर्न पुरेसे होऊ लागले. सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर जास्त उष्णतेने बिघडत, म्हणून त्यांचे पाय पकडीत धरून डाग देत. मुठीवरची अक्षरे पुसली असतील, तर जाणकाराकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २५ वॅटच्या आयर्नचा रोध सुमारे २१०० ओहम, तर ६५ वॅटच्या आयर्नचा सुमारे ८०० ओहम भरतो.

टोक पाहा

टोकाला लोहचुंबक लावा. चिकटले, तर तांब्यावर लोखंडाचा मुलामा आहे. असे टोक जास्त टिकते. चिकटले नाही, तर ते बहुधा निव्वळ तांब्याचे. वितळलेल्या सोल्डरमधले कथील तांबे हळूहळू खाते, टोकाला खड्डे पडतात, मग ते कानशीने घासावे लागते. म्हणून टोक जितके आखूड, तितके त्यावर काम जास्त झालेले. बाबांच्या आयर्नचे टोक जेमतेम नखाएवढे उरले आहे.

जपून हाताळा

उत्सुकतेपोटी प्लग मात्र लावू नका. कापडी वेष्टणाची वायर कुजलेली असते, काही परदेशी आयर्न ११० व्होल्टची असतात. आत अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते, म्हणून मुलांना ते उघडू देऊ नका. जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा हात साबणाने धुवा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. हे कोणी, कधी, कसे घेतले, ते चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. आम्ही विचारले तेव्हा आई म्हणाली, ''लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझी अंगठी मोडून घेतलं होतं.'' इतक्या वर्षांत आम्हा भावंडांना हे ठाऊकच नव्हते.

भंगारवाला त्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेला. चिठ्ठी धाकट्यानेच लिहिली.