किल्ली लागत नाही? कुलूप तोडू नका!

होस्टेलवर कुणी नवीन लिनक्स टाकलं की दोन-चार दिवसांत लॅपटॉप घेऊन माझ्या रूमवर येतोच. "दादा, हे 'नो पबकी' काय म्हणतंय?" यावर ठरलेलं गावठी औषध म्हणजे सोर्सेसच्या ओळीत 'ट्रस्टेड इक्वल टू यस' लिहून मोकळं व्हायचं. एरर जाते हे खरं, पण तिच्याबरोबर राखणदारही जातो.

ही किल्ली म्हणजे काय? परभणीच्या मोंढ्यात प्रमाणित बियाणं घेताना घरची माणसं पिशवीचा निळा टॅग अन् सील बघतात. रिपॉझिटरीचंही तसंच. पॅकेजेसच्या यादीवर बनवणारे आपल्या खाजगी किल्लीने डिजिटल सही करतात. ती तपासायची सार्वजनिक किल्ली आपल्या मशीनवर लागते. मग पॅकेज कोणत्याही मिररवरून येवो, वाटेत कुणी हात लावला तर 'एपीटी' ओळखतं. फरक एवढाच की टॅग खोटा छापता येतो, ही सही मात्र खाजगी किल्लीशिवाय होत नाही.

आता नेहमीच्या तक्रारी बघू.

१) 'नो पबकी' : किल्ली मशीनवर नाहीच. प्रकल्पाच्या मूळ साइटवरून आणा, फिंगरप्रिंट जुळवा.

२) 'नो व्हॅलिड ओपनपीजीपी डेटा' : जे उतरलं ती किल्लीच नाही. कधी पत्ता चुकलेला असतो, तर कधी वाय-फायचं लॉगिन संपल्याने लॉगिनचं पानच किल्लीच्या नावाने सेव्ह होतं. 'फाइल' कमांडने तपासा. एचटीएमएल दिसलं की उलगडा झाला.

३) 'कीसर्व्हर रिसीव्ह फेल्ड' : कीसर्व्हरचा नेहमीचा पोर्ट 11371 अनेक फायरवॉलमध्ये बंद असतो. 'एचकेपीएस' वापरून 443 वरून जा.

४) 'नॉट व्हॅलिड यट' : किल्लीचा दोष नाही. मदरबोर्डचा सेल संपलाय अन् लाइट गेल्यावर पीसीची तारीख मागे गेलीय. तारीख नीट करा.

५) 'एपीटी-की : कमांड नॉट फाउंड' : जुन्या नोट्समधली ही कमांड 2025 च्या डेबियन 13 मध्ये नाही. किल्ली 'कीरिंग्ज' फोल्डरमध्ये ठेवून सोर्सेसमध्ये 'साइन्ड-बाय' लिहा. मजकुरातल्या किल्लीला 'एएससी', बायनरीला 'जीपीजी' एक्स्टेन्शन द्या.

कधी दोष आपल्या बाजूला नसतोही. एप्रिल 2025 मध्ये काली लिनक्सने जाहीर केलं, की रिपॉझिटरीच्या सहीची जुनी किल्ली त्यांच्या हातून गेली आहे. चोरी नव्हती, पण नवी किल्ली काढावी लागली अन् जगभरच्या कालीवर अपडेट अडलं. उपाय साधा होता : त्यांच्याच साइटवरून नवी कीरिंग फाइल आणायची अन् दिलेल्या चेकसमशी ताडून बघायची. त्या दिवशी ज्यांनी तपासणीच बंद केली, त्यांचंही काम भागलं असेल. पण पुढे कुणीही घुसवलेलं पॅकेज त्यांच्या मशीनवर बिनतक्रार जाणार.

लक्षात ठेवा, पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या हक्काने चालतात. म्हणून एरर आली की आधी ती पूर्ण वाचा. फिंगरप्रिंट जुळवायला दोन मिनिटं लागतात. पुसला गेलेला फायनल इयरचा प्रोजेक्ट पुन्हा लिहायला अख्खं सेमिस्टर जातं.