पृष्ठभागावरची देवाणघेवाण

खानदेश ओलांडून तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या मुखावरचे हजीरा आज कारखान्यांचे गाव झाले आहे. क्रिभकोचा खत कारखाना येथे १९८६ साली उत्पादन करू लागला. पुढे रिलायन्सचा पेट्रोरसायन प्रकल्पही उभा राहिला. दुरून दिसतात ती धुराडी, टाक्या आणि नळांची जाळी. परंतु या साऱ्या पसाऱ्याचा प्राण डोळ्यांना दिसत नाही. तो आहे धातूच्या बारीक कणांच्या पृष्ठभागात.

खताचेच उदाहरण घ्या. नत्रवायूच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ती गाठ सुटल्याखेरीज अमोनिया नाही आणि अमोनियाखेरीज युरिया नाही. ती सुटते लोखंडाच्या पृष्ठभागावर. लोखंड आपले इलेक्ट्रॉन रेणूकडे सरकवते आणि बंध सैल होतो. जोडीला थोडे पोटॅशियम असले की लोखंडाचा हात अधिक सढळ होतो. ही क्रिया टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक लाभले. पॉलिएस्टरसाठी लागणारे ग्लायकॉल ज्या इथिलीन ऑक्साइडपासून होते, तेही चांदीच्या पृष्ठभागावरच घडते. सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साडीला जर नसली, तरी तिच्यामागे चांदी असते, ती अशी.

या देवाणघेवाणीचे नवे दालन उघडले ते फुलरीनने. १९८५ साली क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना कार्बनच्या साठ अणूंचा, चेंडूसारखा पोकळ रेणू सापडला. हा रेणू इलेक्ट्रॉनांचा मोठा लोभी. मात्र सर्वच पृष्ठभागांशी त्याचे वर्तन सारखे नसते. ग्राफाइटवर तो नुसता टेकतो. सिलिकॉनला घट्ट बिलगतो. तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, तर सोन्याकडून त्या मानाने थोडेच मिळवतो. शिवाय घेतलेला भार परत देण्याचीही त्याची तयारी असते.

हा केवळ प्रयोगशाळेतील विलास नव्हे. २०२२ साली चीनमधील शियामेन येथील शास्त्रज्ञांनी ग्लायकॉल बनवणाऱ्या तांब्याच्या उत्प्रेरकात फुलरीन मिसळले. एरवी या क्रियेला हायड्रोजनचा मोठा दाब लागतो. येथे ती हवेच्या साध्या दाबाला झाली. फुलरीन आणि तांबे यांच्यात इलेक्ट्रॉनांची ये-जा राहिल्याने तांब्याची कार्यक्षम अवस्था टिकून राहिली. जणू गरजेला उसने देणारा आणि जास्तीचे सांभाळणारा शेजारीच! हा मार्ग हजीऱ्यातील मार्गाहून वेगळा आहे; परंतु निघणारा माल तोच आहे, हे विसरता येणार नाही.

क्रोटो यांना ओढ होती ती ताऱ्यांभोवतालच्या कार्बनच्या साखळ्यांची. त्या वेळी कोणी त्यांना ‘याचा कारखान्याला उपयोग काय?’ असे विचारले असते, तर उत्तर देणे कठीण झाले असते. उत्तर मिळावयास सदतीस वर्षे लागली. आपल्याकडे मात्र तोच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. हजीऱ्याच्या खत कारखान्यासाठी अमोनियाचे तंत्र अमेरिकेचे व युरियाचे इटलीचे आणावे लागले. त्या काळी ते अपरिहार्यही असेल. पण बाहेरून आणलेले तंत्र यंत्र चालवायला शिकवते. पृष्ठभागावर काय घडते हे विचारण्याची सवय ते लावत नाही.

ही सवय आपल्याला परकी आहे असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घडवलेला जिओलाइट उत्प्रेरक बडोद्याच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामी आला. तो अपवाद न राहता परिपाठ व्हावयास हवा. त्यासाठी विद्यापीठांतील मूलभूत संशोधनाला शासनाने धीराने पैसा पुरवला पाहिजे, आणि उद्योगपतींनीही आपल्या नफ्यातला काही अंश ज्यातून तत्काळ काही निघणार नाही अशा जिज्ञासेसाठी राखून ठेवला पाहिजे. कारखाना विकत घेता येतो. त्यातील अणूंच्या व्यवहाराचे ज्ञान मात्र ज्याचे त्यालाच मिळवावे लागते.