एसीच्या गेजवरचा काटा का हलतो?

एप्रिल-मे महिन्यांत चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात उकाडा वाढला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : ‘एसी चालतो, पण गार होत नाही.’ मेकॅनिक येतो, गेज लावतो, काटा खाली दिसला की म्हणतो, ‘गॅस कमी झालाय.’ गॅस भरला जातो, पैसे जातात, आणि पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा तेच! वास्तविक हा गॅस मोटारीतल्या पेट्रोलासारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत असतो. कमी झाला, तर कोठेतरी गळती आहेच. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

आता दाबाचे काय ते पाहू. शिक्षकांना हे वर्गात सांगता येईल. पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांना, आणि कुकरात दाब वाढल्यामुळे १२० अंशांच्या सुमारास. दाब बदलला की उकळण्याचे तापमान बदलते. एसीतला गॅसही तसाच. खोलीतल्या जाळीत तो ५ अंशांच्या आसपास उकळावा, अशी योजना असते. त्यासाठी जुन्या आर-२२ गॅसला दर चौरस इंचास सुमारे ७० पौंड दाब लागतो, तर नव्या आर-३२ ला १२० च्या वर. म्हणजे ७० हा आकडा एका यंत्रात निरोगीपणाचा, तर दुसऱ्यात दुखण्याचा! म्हणून गेज लावण्याआधी यंत्रावरची पट्टी वाचावी.

बरे, काटा एका जागी ठरतच नसेल तर? यंत्र इन्व्हर्टरचे असेल तर कंप्रेसरचा वेग कमीजास्त होतो, काटाही हलतो. तो दोष नव्हे. पण साध्या यंत्रात दाब उतरत असेल, तर आधी आतला फिल्टर धुवावा. हवा कमी फिरली तरी दाब उतरतो, जाळीवर बर्फ धरतो, आणि बिचाऱ्या गॅसवर आळ येतो. उलट, बाहेरच्या जाळीत रस्त्याची व कारखान्यांची धूळ बसली, किंवा ती अरुंद डक्टमध्ये कोंडली, तर दोन्ही दाब चढतात.

दाब हळूहळू शून्याकडे जातो, यंत्र थोडे थांबवले की पुन्हा ठीक होतो, असे झाले तर आत ओल शिरली आहे. बारीक नळीच्या तोंडाशी बर्फाचा बूच बसतो आणि वितळतो. फ्रिजमध्ये हे अधिक घडते. एसीत गॅस इतका उतरला की तोंडाशी तापमान शून्याखाली गेले, तरच. नळ्यांत हवा राहिली असेल तर वरचा दाब वाजवीपेक्षा जास्त राहतो, काटा थरथरतो. पारख सोपी आहे. यंत्र काही तास बंद ठेवावे, सगळे भाग एका तापमानाला येऊ द्यावेत. ३५ अंशांना आर-२२ चा दाब १८० च्या आसपास हवा. बराच जास्त भरला, तर आत हवा किंवा दुसरा गॅस मिसळलेला आहे. मग सगळा गॅस काढून घेऊन व्हॅक्यूम पंप लावल्याखेरीज गत्यंतर नाही.

खेड-मावळातली पोरे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हे काम शिकतात, त्यांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. गळती तपासायला नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. ऑक्सिजन कधीही नाही! कंप्रेसरातल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भिडला की स्फोट होतो. आर-३२ मंदपणे पेट घेणारा आहे, तेव्हा तो काढून घेतल्याशिवाय सांध्याला ज्योत लावू नये. गळती बुजली, पंप लावून झाला, की गॅस अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर मोजून भरावा. किती ग्रॅम, ते त्याच पट्टीवर लिहिलेले असते.